सारस उडण्याआधी धावतो का? उत्तर त्याच्या छातीत आहे

गोंदियातल्या धानाच्या बांधीत सारसाची जोडी उभी असली की लांबूनच ओळखू येते. उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये हा जगात सर्वांत उंच. उंची जवळपास 6 फूट, पंखांचा पसारा 8 फुटांच्या आसपास, वजन साधारण 6 ते 8 किलो. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया आणि शेजारच्या पट्ट्यातच उरला आहे. एवढं धूड हवेत उचलतं कोण?

छातीचे स्नायू. स्नायूला एकच काम येतं, आखडून ओढण्याचं. ढकलणं त्याला जमत नाही. जोर मारताना आपण जमीन ढकलतोय असं वाटतं खरं, पण आत छातीचा स्नायू दंडाचं हाड ओढत असतो आणि दंडामागचा स्नायू कोपर सरळ करत असतो. हात उलट दिशेला न्यायला पाठीचे वेगळे स्नायू लागतात.

पक्षीही पंख खाली मारतो तो छातीच्याच स्नायूने. मग पंख वर उचलणारा स्नायू पाठीवर असायला हवा ना? तर नाही! तोही छातीतच, मोठ्या स्नायूच्या खाली असतो. त्याची दोरीसारखी शीर खांद्याच्या हाडांमधल्या भोकातून वर जाते आणि दंडाच्या हाडाला वरून जोडली जाते. विहिरीवरच्या रहाटासारखं: दोर खाली ओढा, बादली वर येते. चिकन ब्रेस्ट कापताना खाली जी वेगळी अरुंद पट्टी निघते, पांढऱ्या शिरेसकट, तोच हा स्नायू. दोन्ही जड स्नायू खाली असल्यामुळे उडताना तोलही राहतो.

आता धावण्याचं. पक्षी सगळ्या बाजूंनी दुप्पट मोठा झाला तर वजन आठपट होतं. स्नायूची ताकद मात्र त्याच्या जाडीवर ठरते आणि तो आडवा कापला तर दिसणारं क्षेत्रफळ चौपटच वाढतं. म्हणून चिमणी जागच्या जागी भुर्रकन उडते, तर सारसाला बऱ्याचदा वाऱ्याच्या दिशेने तोंड करून काही पावलं धावावं लागतं. धावल्याने पंखांवर हवा मिळते, स्नायूंचं ओझं हलकं होतं.

हीच गोष्ट त्याच्या जिवावर बेतते. बांधीतून उठलेला सारस हळूहळू उंची घेतो आणि समोर विजेच्या तारा आल्या तर पटकन वळू शकत नाही. त्यात क्रौंच कुळातल्या पक्ष्यांनी उडताना मान खाली करून जमीन न्याहाळली, की समोरचं त्यांना दिसेनासं होतं. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा तारांचा प्रश्नही पुढे आला. तारा जमिनीखालून नेणं हा पक्का उपाय, पण खर्चिक. तारांवर चमकत्या चकत्या टांगणं त्यामानाने सोपं. त्या दुरून दिसतात आणि वळायला लागणारा वेळ सारसाला मिळतो.