आधी पाणी की आधी आग? ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये डॅमेज दुप्पट करणारे गणित काय आहे?

एप्रिल-मेमध्ये अकोला, अमरावतीत पारा ४५ अंशांकडे सरकला की दुपारी रस्ते ओस पडतात आणि कूलरसमोर मोबाइल गेम सुरू होतात. त्यात बॅटल रॉयल गेमच्या जोडीला एक वेगळा गेम हमखास दिसतो, तो म्हणजे ‘गेन्शिन इम्पॅक्ट’. शांघायच्या ‘मिहोयो’ कंपनीचा हा काल्पनिक जगातील रोल-प्लेइंग गेम २८ सप्टेंबर २०२० रोजी आला. डाउनलोड करायला आणि खेळायला तो मोफत आहे. मात्र नवीन पात्रे मिळवण्यासाठी त्यात पैसे खर्च करता येतात आणि ‘आपला डॅमेज कमी पडतोय’ असे वाटले की बहुतेकांचा हात आधी तिकडेच जातो. प्रत्यक्षात डॅमेज कमी पडण्याचे कारण अनेकदा पात्र नसतेच. कारण असते ‘एलिमेंटल रिअ‍ॅक्शन’चे न समजलेले गणित.

‘एलिमेंटल रिअ‍ॅक्शन’ म्हणजे काय?

गेममध्ये सात तत्त्वे आहेत : पायरो (आग), हायड्रो (पाणी), क्रायो (बर्फ), इलेक्ट्रो (वीज), अ‍ॅनिमो (वारा), जिओ (खडक) आणि डेंड्रो (वनस्पती). डेंड्रोची पात्रे उशिरा, ऑगस्ट २०२२ मध्ये आली. खेळाडूच्या संघात चार पात्रे असतात आणि लढताना एकातून दुसऱ्यात झटक्यात जाता येते. एका पात्राने शत्रूला पाण्याने भिजवले आणि दुसऱ्याने लगेच आगीचा फटका मारला, तर ‘व्हेपोराइझ’ होते आणि त्या फटक्याचा डॅमेज थेट गुणला जातो. बर्फ आणि आग यांचे ‘मेल्ट’, वीज आणि आग यांचे ‘ओव्हरलोड’, पाणी आणि बर्फ यांचे ‘फ्रोझन’. जिओचे ‘क्रिस्टलाइझ’ ढाल देते, डॅमेज वाढवत नाही.

या सगळ्यांचे गणित सारखे नाही. व्हेपोराइझ आणि मेल्ट फटक्याचा गुणाकार करतात, तर ओव्हरलोड किंवा हायपरब्लूम स्वतःचा वेगळा डॅमेज करतात. एकासाठी जे सामान लागते, ते दुसऱ्यासाठी जवळपास निरुपयोगी ठरते. गल्लत सुरू होते ती इथून.

क्रमाने काय फरक पडतो?

तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडणे आणि ओल्या तव्याखाली जाळ लावणे यात जितका फरक, तितकाच इथेही आहे. शत्रूला आधी आग लागलेली असेल आणि शेवटचा फटका पाण्याचा असेल, तर त्या फटक्याचा डॅमेज २ पट होतो. उलट, शत्रू आधी भिजलेला असेल आणि शेवटचा फटका आगीचा असेल, तर १.५ पट. मेल्टमध्ये मात्र उलटे आहे. बर्फावर आग मारली तर २ पट, आगीवर बर्फ मारला तर १.५ पट.

मग नेहमी २ पटीच्याच मागे लागावे का? तसेही नाही. शत्रूवर चढलेल्या तत्त्वाचा एक ‘थर’ असतो आणि प्रत्येक रिअ‍ॅक्शन त्यातला काही भाग खाते. साध्या हल्ल्याने पाण्याचा १ एकक थर दिला, तर शत्रूवर त्यातला ०.८ एवढाच टिकतो. आगीचा १ एककाचा फटका त्यातले ०.५ वापरतो. म्हणजे ०.३ शिल्लक राहते आणि लगेच दुसरा आगीचा फटका बसला तर तोही १.५ पट होतो. दुसऱ्या बाजूला, आगीच्या ०.८ थरावर पाण्याचा फटका पडला तर सगळा थर एकाच वेळी संपतो. त्यामुळे भरभर फटके मारणाऱ्या पात्राला १.५ पट वाली बाजू परवडते आणि एकच जबरदस्त फटका असणाऱ्याला २ पट वाली.

यात आणखी एक मेख आहे. एकाच हल्ल्याचा प्रत्येक फटका तत्त्व लावतोच असे नाही. सर्वसाधारण नियम असा की, एकदा तत्त्व लागले की पुढे २.५ सेकंद उलटल्यावर किंवा तिसऱ्या फटक्यानंतर ते पुन्हा लागते. स्क्रीनवर आगीचे दहा फटके दिसतात, पण रिअ‍ॅक्शन तीन-चारच होतात, त्यामागे हे कारण आहे. काही हल्ले याला अपवाद आहेत. शांगलिंग या पात्राचा फिरता आगीचा भाला प्रत्येक फटक्याला आग लावतो. हे पात्र चार-तारा दर्जाचे असून ‘स्पायरल अ‍ॅबिस’चा तिसरा मजला पूर्ण केल्यावर मोफत मिळते, तरीही वर्षानुवर्षे ते संघातून हटत नाही.

‘एलिमेंटल मास्टरी’ किती वाढवावी?

‘एलिमेंटल मास्टरी’ (ईएम) हा आकडा रिअ‍ॅक्शनची ताकद ठरवतो. व्हेपोराइझ आणि मेल्टसाठी सूत्र असे आहे : २.७८ गुणिले ईएम, भागिले (ईएम अधिक १४००). २०० ईएमला जवळपास ३५ टक्के वाढ मिळते, ४०० ला ६२ टक्के आणि ८०० ला १०१ टक्के. पहिल्या २०० ला जे मिळाले, ते पुढच्या २०० ला मिळत नाही. त्यामुळे अशा पात्राचा हल्ला (अटॅक), क्रिट आणि ईएम यांचा समतोल साधावा लागतो. नुसता ईएमचा ढीग रचून भागत नाही.

एक हिशेब करून पाहू. एका पायरो पात्राचा अटॅक २,००० आहे आणि त्याचे कौशल्य २०० टक्के डॅमेज देते, म्हणजे ४,०००. पायरो डॅमेज वाढवणारा ४६.६ टक्क्यांचा गॉब्लेट लावला की ५,८६४. शत्रू त्याच पातळीचा असेल तर संरक्षणामुळे निम्मा डॅमेज कापला जातो, वर १० टक्के प्रतिकार. उरतात २,६३९. क्रिट डॅमेज १०० टक्के असेल आणि क्रिट बसला, तर साधारण ५,२७८.

आता शत्रूला आधी पाण्याने भिजवले. त्याच फटक्याचे ७,९१६ झाले. पात्राला २०० ईएम दिला : १०,६६७. अ‍ॅनिमो पात्राने ‘व्हिरिडेसंट व्हेनेरर’ संचाच्या चार वस्तू घालून आग फिरवली, तर शत्रूचा पायरो प्रतिकार ४० टक्क्यांनी घटतो. १० वरून उणे ३० झाला. शून्याखालचा प्रतिकार निम्म्यानेच मोजला जातो, म्हणून गुणक ०.९ वरून १.१५ होतो आणि फटका पोहोचतो १३,६३० वर. पात्र तेच, शस्त्र तेच, अटॅकही तोच. डॅमेज मात्र अडीच पटीहून जास्त.

या हिशेबावर उभा असलेला सर्वांत प्रसिद्ध संघ म्हणजे शांगलिंग, बेनेट, शिंगछिऊ आणि सुक्रोज. चौघेही चार-तारा दर्जाचे. क्रमही ठरलेला : आधी शिंगछिऊची तलवारींची पावसाळी फेरी, मग बेनेटचे वर्तुळ, त्यानंतर सुक्रोजचा वारा आणि शेवटी शांगलिंगचा भाला. भाला सोडताना जेवढी वाढ पात्राच्या अंगावर असते, तेवढीच तो शेवटपर्यंत वापरतो. म्हणून भाला आधी सोडून बेनेटचे वर्तुळ नंतर लावणारा खेळाडू आपलाच डॅमेज वाया घालवतो. नव्या खेळाडूंची ही सर्वांत जास्त दिसणारी चूक.

कमी सामानात सर्वाधिक डॅमेज कुठे?

इथे उत्तर स्पष्ट आहे : हायपरब्लूम. डेंड्रो आणि पाणी एकत्र आले की जमिनीवर ‘बी’ पडते. त्या बीवर वीज पडली की ती बाणासारखी शत्रूच्या मागे जाते. (कपाशीच्या मुलखातल्या वाचकांना बी, पाणी आणि वीज यांचे नाते वेगळे सांगायला नको, फक्त इथे विजेचे भारनियमन नाही.)

या रिअ‍ॅक्शनला अटॅक लागत नाही, क्रिट लागत नाही, शत्रूचे संरक्षणही आड येत नाही. मोजले जाते ते फक्त वीज टाकणाऱ्या पात्राची पातळी आणि त्याचा ईएम. ९० व्या पातळीला मूळ आकडा १,४४६.८५ आहे, हायपरब्लूमसाठी त्याची तिप्पट. १० टक्के प्रतिकार वजा करता ईएम शून्य असताना एका बीचा डॅमेज सुमारे ३,९०० होतो. ईएम ८०० असेल तर तोच २१,७०० च्या पुढे जातो. इथले ईएमचे सूत्र वेगळे आहे (१६ गुणिले ईएम, भागिले ईएम अधिक २०००), त्यामुळे इथे ईएमचा ढीग रचणे हेच शहाणपण.

८०० चा आकडा गाठणेही अवघड नाही. कुकी शिनोबू या चार-तारा पात्राला गेममध्येच घडवता येणारी ‘आयर्न स्टिंग’ तलवार दिली की १६५, मुख्य आकडा ईएम असलेल्या तीन वस्तूंचे सुमारे ५६० आणि संचाचे ८०. झाले ८०० पार. तिची पातळी ८० वर सोडू नये, कारण ८० ते ९० या प्रवासात मूळ आकडा १,०७७ वरून १,४४७ होतो. डेंड्रोसाठी मुख्य पात्र ‘ट्रॅव्हलर’ मोफत चालतो. ईएम डेंड्रो पात्रावर घातला तर मात्र हायपरब्लूमला काहीही फायदा नाही. जो बी फोडतो त्याचाच ईएम धरला जातो.

जुलै २०२५ च्या ५.८ आवृत्तीपासून ‘लूनर’ प्रकारच्या रिअ‍ॅक्शन आल्या असून त्यांना क्रिटही बसतो. त्यासाठी ठरावीक नवी पात्रे लागतात, त्यामुळे नवख्यांनी त्यामागे धावण्याची घाई करू नये.

वऱ्हाडच्या उन्हाचा काय संबंध?

गेम मोबाइलवर वीस जीबीहून अधिक जागा घेतो आणि प्रोसेसरला पुरता राबवतो. फोन तापला की तो स्वतःच प्रोसेसरचा वेग कमी करतो, फ्रेम अडखळतात आणि वर सांगितलेला दहा-पंधरा सेकंदांचा क्रम कोलमडतो. भारतात गेमचा सर्व्हर नाही. आशिया किंवा युरोप निवडावा लागतो आणि पिंग वाढतो तो वेगळाच. मे महिन्यात चार्जिंगला लावून, कव्हर चढवून खेळणे टाळावे. ग्राफिक्स ‘लो’ ठेवले तरी डॅमेजचा आकडा तोच राहतो.

मग पैसे कशासाठी जातात?

नवीन पाच-तारा पात्र मिळवण्यासाठी ‘विश’ नावाची सोडत असते. एका विशला १६० प्रिमोजेम लागतात आणि पाच-तारा निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के. ९० व्या विशपर्यंत एक पाच-तारा नक्की मिळतो, पण पहिल्या वेळी तो हवा तोच असेल याची खात्री नाही. वाईटात वाईट धरले तर १८० विश, म्हणजे २८,८०० प्रिमोजेम. खेळत राहिले की हे रत्न मोफतही मिळतात, पण हळूहळू. घाई झालेला मुलगा वडिलांच्या फोनवरचे यूपीआय उघडतो तो याच टप्प्यावर.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये याच मुद्द्यावर कंपनीवर कारवाई केली. सोडतीतील शक्यता आणि खरा खर्च याबाबत मुलांची दिशाभूल झाल्याचा आरोप होता. कंपनीने २ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले आणि १६ वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीशिवाय अशा सोडती विकण्यास तिला मनाई झाली. हा आदेश अमेरिकेपुरता आहे. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा मुख्य रोख पैसे लावून पैसे जिंकण्याची आशा दाखवणाऱ्या खेळांवर आहे. गेन्शिनमध्ये पात्र जिंकले तरी कंपनी त्याचे पैसे देत नाही.

तुलनेसाठी, पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हाही २०२० मध्येच आला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. तो एकदाच विकत घ्यावा लागतो, त्यात सोडत नाही.

पालकांसाठी एक व्यावहारिक बाब. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा विचारण्याची सोय आहे. ती सुरू करावी आणि यूपीआयचा पिन मुलांच्या हाती देऊ नये.