व्ह्यूची नक्कल: आधी टेबल, मग खिडकी

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला. समजा, जुन्या जिल्ह्याच्या नोंदी आयबीएमच्या एएस/४०० या १९८८ साली आलेल्या मध्यम संगणकावर आहेत आणि नंदुरबारसाठी वेगळी ‘लायब्ररी’, म्हणजे फायलींचे वेगळे कपाट, करायचे आहे.

डेटाबेसमध्ये टेबलात प्रत्यक्ष नोंदी असतात. व्ह्यूत एकही नोंद नसते. व्ह्यू ही खिडकी आहे. ‘फक्त शहादा तालुक्यातले खातेदार’ एवढेच ती दाखवते. म्हणून नुसता व्ह्यू नव्या लायब्ररीत नेला, तर खिडकी नंदुरबारात आणि नजर धुळ्याच्या टेबलावर, असे होऊ शकते. पडद्यावर आकडे येतात, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही.

उपाय क्रमात आहे. आधी टेबले न्यावीत, मग व्ह्यू. व्ह्यूवर व्ह्यू उभा असेल तर पायाचा आधी. सर्वांत भरवशाची वाट म्हणजे व्ह्यू तयार करणारी मूळ एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतली, आज्ञा घेऊन, त्यातले लायब्ररीचे नाव बदलून, ती नव्याने चालवणे. शेवटी ‘डीएसपीडीबीआर’ आज्ञेने कोणत्या टेबलावर कोणते व्ह्यू अवलंबून आहेत ते तपासावे. प्रत्येक नोंदीमागे एक माणूस असतो. त्याचा शोध योग्य कपाटातच व्हायला हवा.