अडुसष्टचा बोअर

प्रीमियर पद्मिनीचं इंजिन खोलायला उस्तादांना फार वेळ लागत नाही. हेड उतरतं, खालचा सम्प निघतो, कनेक्टिंग रॉडचे नट सुटतात आणि चारही पिस्टन एकामागून एक वर येतात. बाकावर उरतो तो चार भोकांचा बिडाचा ब्लॉक. उस्ताद लगेच माप घेत नाहीत. सिलिंडरच्या आत बोट घालून भिंतीवरून नख वर ओढतात. तोंडापाशी नख अडकतं. "घासलंय," एवढंच म्हणतात.

पिस्टनची सगळ्यात वरची रिंग जिथपर्यंत चढते तिथपर्यंतच भिंत झिजते. त्यावरची बारीकशी पट्टी कोरी राहते, तोच हा काठ. मग बोअर गेज बाहेर निघतो. वर, मध्ये, खाली; उभं माप, आडवं माप. झीज कधीच सारखी नसते. स्फोट होतो तिथे, म्हणजे वरच्या अंगाला, ती जास्त. गोल भोक थोडं लंबगोल झालेलं असतं, आणि तिथूनच ऑइल वर येऊन सायलेन्सरमधून निळा धूर निघतो.

जालन्यातल्या या गॅरेजात ही गाडी अंबडकडच्या एका मोसंबी बागायतदाराने आणली आहे. वडिलांनी घेतलेली, त्यांच्या मागे यांच्या नावावर झालेली. उस्ताद त्यांना दादा म्हणतात.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघताना या सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर असायचा आणि पिस्टनचा स्ट्रोक 75. चार मिळून 1089 सीसी. ही मापं कुर्ल्यात ठरलेली नाहीत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, त्याच्या आधीच, 1937 मध्ये, तुरीनच्या फियाटने 508 सी या गाडीसाठी ती ठरवली होती. आराखडा दान्ते जियाकोसा या इंजिनिअरचा. आपल्याकडची डुक्कर फियाट, 1964 ची डिलाइट, 1974 पासूनची पद्मिनी या सगळ्या त्याच वंशातल्या.

पण त्याच इंजिनाचे इटलीतले दुसरे भाऊबंद पाहिले की मला फार नवल वाटतं. एन्झो फेरारी 1939 मध्ये अल्फा रोमिओतून बाहेर पडला तेव्हा चार वर्षं स्वतःच्या नावाने शर्यतीची गाडी काढायची नाही, असा करार होता. तरी त्याने मोदेनात दोन गाड्या बांधल्या. नाव फेरारी नव्हे, नुसता आकडा: 815. आठ सिलिंडर, दीड लिटर. एवढं इंजिन नव्याने घडवायला हाताशी वेळही नव्हता आणि पैसाही. म्हणून नवा ब्लॉक ओतून घेतला आणि त्यावर याच फियाट इंजिनाची दोन हेडं एकापुढे एक बसवली. एप्रिल 1940 मध्ये ब्रेशियाच्या शर्यतीत एक गाडी लोतारियो रांगोनी या उमरावाने चालवली, दुसरी आल्बेर्तो आस्कारीने. तो पुढे 1952 आणि 1953 चा जगज्जेता झाला. त्या दिवशी मात्र दोन्ही गाड्या वाटेतच बंद पडल्या.

युद्धानंतर पियेरो दुसियोच्या चिसितालिया कंपनीने हेच 1089 सीसीचं इंजिन घेऊन 202 ही गाडी काढली. तिची पिनिन फारिनाने घडवलेली बॉडी इतकी देखणी की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने एक गाडी आपल्या संग्रहात ठेवली. बोनेट उघडलं तर आत अंबडच्या मोसंबीवाल्याच्या गाडीतल्या इंजिनाचाच थोरला भाऊ.

त्या दोन 815 चं पुढे काय झालं, हे जालन्यात बसून ऐकण्यासारखं आहे. आस्कारीची गाडी विकली गेली, पुन्हा शर्यतीत उतरली, अखेर मोदेनाजवळच्या मारिओ रिगिनी या संग्राहकाकडे स्थिरावली. रांगोनी युद्धाच्या काळात गेला आणि त्याची गाडी भंगारात गेली. फेरारीने बांधलेल्या पहिल्या दोन गाड्यांतली एक!

भंगार म्हणजे काय हे जालनेकराला सांगावं लागत नाही. एमआयडीसीच्या रस्त्याला ट्रकांच्या रांगा लागतात. दाबून गठ्ठे केलेला पत्रा इंडक्शन भट्टीत जातो, त्याचे बिलेट ओततात आणि रोलिंग मिलमधून घराच्या सळ्या बाहेर पडतात. त्याआधी भंगारवाला गाडी सोडवतो: बीड वेगळं, पत्रा वेगळा, हेडचं अॅल्युमिनियम वेगळं, वायरिंगचं तांबं वेगळं. वजन झालं की त्या गाडीचं नाव-गाव संपलं. उस्तादांच्या फळीवरची दोन जुनी हेडं अशाच ढिगातून, वजनाच्या भावाने उचलून आणलेली आहेत.

आता दादांपुढे प्रश्न होता तो ब्लॉकचा. दुसरा ब्लॉक टाकला तर काम झटपट होईल, असं एकाने सुचवलं होतं. मला ते पटलं नाही. गाडीची ओळख आरसी बुकातल्या दोन नंबरांवर उभी असते, चेसिसचा आणि इंजिनाचा. इंजिन बदललं की आरटीओची परवानगी आली, कागद बदलले. आणि वडिलांच्या गाडीतलं वडिलांच्या वेळचं इंजिन गेलं ते गेलंच. उस्तादही म्हणाले, "दादा, ब्लॉक चांगला आहे. कुठं तडा नाही. बोअर करून घ्या."

ओव्हरसाइझ पिस्टन आधी आणले. मग ते पिस्टनच लेथवाल्याकडे दिले, कारण भोक पिस्टनला बेतून मोठं करायचं असतं, छापील आकड्याला नव्हे. परत आलेल्या ब्लॉकच्या भिंतीवर होनिंगच्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा होत्या; त्यांत ऑइल धरून राहतं. उस्तादांनी नवी रिंग नुसतीच सिलिंडरमध्ये सोडली, पिस्टन उलटा धरून ती सरळ खाली सारली आणि दोन टोकांच्या फटीत फिलर गेजची पाती घातली. एका रिंगची फट कमी भरली. बारीक कानशीने दोन हात मारले, पुन्हा मोजली. तापल्यावर रिंग फुगते. फट नसेल तर टोकं भिडून ती भिंतीलाच ओरबाडते.

हेडकडे पोऱ्या बसला होता. व्हॉल्व्हला पेस्ट लावून तो हातात काठी फिरवत घासत होता. पुसून झाल्यावर हेड उलटं ठेवून त्यात रॉकेल ओतलं. तीन खाने खालून कोरडे राहिले, चौथ्याच्या खाली ओल दिसली. उस्तादांनी बोटाने दाखवलं आणि पोऱ्याने पुन्हा पेस्टचा डबा उघडला.

या ब्लॉकची भिंत अजून जाड आहे. पुढच्या साइझचे पिस्टन मिळत राहिले, तर आणखी एक बोअर ती सहज सोसेल, असं लेथवाल्याने सांगून ठेवलंय.