डॅन्यूबचं पाणी, ऱ्हाईनची नदी

दक्षिण जर्मनीतली राडोल्फ्झेलची आख ही जेमतेम ३२ किलोमीटरची नदी. आख गावाशी 'आखटोप्फ' नावाच्या कुंडातून ती उगवते, हेगाऊ प्रदेशातल्या मृत ज्वालामुखींच्या सुळक्यांजवळून, झिंगेन शहरातून वाहत जाते आणि राडोल्फ्झेलजवळ कोन्स्टान्स सरोवराला मिळते. तिथून पुढे ऱ्हाईन आणि उत्तर समुद्र. पण कुंडातून सेकंदाला सरासरी साडेआठ हजार लिटर पाणी येतं. जर्मनीत एवढा मोठा झरा दुसरा नाही. एवढं पाणी नुसत्या आसपासच्या पावसाचं असणं शक्य नाही. ते बरंचसं डॅन्यूबचं आहे, आणि म्हणूनच इथला जलविभाजक नकाशावर एका ठाम रेघेने दाखवणं मला चुकीचं वाटतं.

सुमारे १२ किलोमीटर दूर, इमेंडिंगेनपाशी, डॅन्यूब चुनखडीच्या भेगांमध्ये जिरते. कोरड्या दिवसांत तर तिचं पात्र पार उघडं पडतं. हे पाणी जातं कुठे, हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नव्हता. दोन्ही नद्यांवरच्या गिरण्या त्यावर चालत. १८७७ मध्ये भूवैज्ञानिक आडोल्फ क्नोप यांनी डॅन्यूबच्या त्या भेगांत शेल तेल, २० टन मीठ आणि १० किलो फ्लुओरेसीन रंग सोडला. सुमारे ६० तासांत आखचं पाणी हिरवं चमकू लागलं, खारटही झालं. इमेंडिंगेनपेक्षा कुंड दीडशे मीटरहून अधिक खाली आहे. पाणी उताराला लागलं, इतकंच.

यावर कोणी म्हणेल, नदी म्हणजे जमिनीवरून वाहतं ते. भूगर्भातली वाट मोजायची नसते. पण हा नियम पाळला तर कोरड्या दिवसांत डॅन्यूबचा उगम पुढच्या टुटलिंगेनच्या ओढ्यांशी मानावा लागेल, आणि ते कोणालाच मान्य होणार नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आखचं साधारण एक तृतीयांश पाणी आसपासच्या डोंगरावर पडणाऱ्या पावसाचं असतं, आणि पुराच्या दिवसांत डॅन्यूब भेगांना पुरून उरते, बरंच पाणी काळ्या समुद्राकडे नेते. हे खरंच आहे. म्हणून आखला डॅन्यूबची निव्वळ शाखा म्हणणं चूक. पण त्यातूनच हेही दिसतं, की एकाच खोऱ्याचं पाणी ऋतूप्रमाणे दोन समुद्रांत वाटलं जातं. हा पेच न्यायालयातही गेला. वुर्टेम्बर्ग आणि प्रशिया विरुद्ध बाडेन या खटल्यात १९२७ मध्ये निर्णय झाला, की निसर्गतः जिरणारं पाणी जाऊ द्यावं, मात्र कृत्रिम उपायांनी कोणी दुसऱ्याचं नुकसान वाढवू नये. त्यातले वुर्टेम्बर्ग आणि बाडेन पुढे एकाच बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आले. चुनखडी मात्र विरघळतेच आहे, भेगा रुंदावताहेत, आणि डॅन्यूबचा वाटा आणखी आखकडे सरकण्याचीच शक्यता अधिक.