उभ्या विमानांचे अपघात

विमान जमिनीवर असताना त्याला होणाऱ्या इजेला हवाई वाहतुकीच्या व्यवसायात ‘ग्राउंड डॅमेज’ म्हणतात. शिडी पंखाला लागते, सामान चढवणारा बेल्ट लोडर दाराच्या कडेला घासतो, मागे ढकलणारा ट्रॅक्टर प्रमाणाबाहेर वळला की नाकाखालच्या चाकाचा दांडा पिळवटतो. अशा घटनांत माणूस क्वचितच दगावतो, त्यामुळे बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते. खर्च मात्र चार ओळींचा नसतो. विमान कंपन्यांची जागतिक संघटना ‘आयाटा’ने २०२२ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०१९ मध्ये तो वर्षाला सुमारे ५ अब्ज डॉलर होता आणि २०३५ पर्यंत तो जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. यातली बहुतेक नुकसानी उभ्या विमानाला जमिनीवरच्या साधनांनी दिलेल्या धडकेची असते.

उड्डाणे घटली की हे अपघातही घटतील, असे कोणालाही वाटेल. करोनाकाळाने ते पूर्ण खरे ठरवले नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावर ८ डिसेंबर २०१८ रोजी एका दिवसात १,००७ विमानांची ये-जा झाली होती. २५ मार्च २०२० पासून देशांतर्गत प्रवासी उड्डाणे पूर्ण थांबली. दोन महिन्यांनी, २५ मे रोजी ती सुरू झाली तेव्हा राज्य सरकारने मुंबईला दिवसाला २५ उड्डाणे आणि २५ अवतरणे एवढीच मुभा दिली. हजाराच्या जागी पन्नास. आकाश मोकळे झाले, पण जमीन भरली. एरवी सतत हवेत असणारी विमाने एकाच वेळी खाली आली आणि मिळेल त्या जागी दाटीवाटीने लावावी लागली.

उभे विमान म्हणजे निर्धोक विमान, हा समज चुकीचा आहे. ते इंधन, प्रवासी आणि सामान यांच्याविना हलके असते आणि त्याचे उंच शेपूट वारा धरते. चाकांना ठोकळे लावावे लागतात, इंजिनांची तोंडे झाकावी लागतात, टायर एकाच बाजूवर बसू नयेत म्हणून चाके अधूनमधून फिरवावी लागतात. वसईच्या पाचूबंदरचे कोळी पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, दोर आवळतात. विमान लावून ठेवणे हेही त्याच जातीचे, रोजच्या कामाहून वेगळे काम आहे. फरक इतकाच, की होड्या दरवर्षी शाकारल्या जातात. शेकडो विमाने एकदम महिनोन्महिने उभी ठेवण्याची सवय मात्र कोणालाच नव्हती.

त्यात मुंबईत पावसाळा तोंडावर आला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकले. पालघर जिल्ह्यालाही सावधगिरीचा इशारा होता. त्या दिवशी बेंगळुरूहून आलेले फेडेक्सचे मालवाहू विमान मुंबईत उतरताना धावपट्टीबाहेर गेले आणि पुढे काही तास विमानतळ बंद ठेवावा लागला. हा उतरतानाचा अपघात, म्हणजे प्रकार वेगळा. या विषयाला नेमकी लागू पडणारी घटना तीन दिवसांनी घडली. ६ जूनला सकाळी जोरदार वाऱ्याने स्पाइसजेटची एक शिडी जागची सुटली आणि जवळ उभ्या असलेल्या इंडिगोच्या विमानावर आदळली. पंखाला आणि इंजिनाच्या आवरणाला मार बसला. विमान उभे, शिडीही उभी, तरी टक्कर झाली.

प्रवासी चढ-उताराची शिडी चाकांवर चालते. थांबवल्यावर तिला ब्रेक लावतात आणि आधाराचे पाय जमिनीवर टेकवतात. तिचा आडवा पसारा वाऱ्याला चांगलाच सापडतो. गर्दीच्या दिवसांत अशी साधने सतत कोणाच्या तरी हातात आणि नजरेसमोर असतात. काम नसले की ती कडेला पडून राहतात, आणि पडून असलेल्या वस्तूची राखण करायला माणूस ठेवणे ही काटकसरीच्या दिवसांत पहिली कापली जाणारी बाब असते. वारा निमित्त खरा; पण जूनमधला मुंबईचा वारा ही अनपेक्षित गोष्ट नव्हे.

थांबलेल्या विमानाला आतूनही झीज लागते. जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या हवाई नियामकाने सात किंवा अधिक दिवस उभ्या राहिलेल्या बोइंग ७३७ विमानांच्या इंजिनांतली एक झडप गंजते काय हे तपासण्याचा तातडीचा आदेश काढला; भारतात ‘डीजीसीए’ या नियामकानेही तशी तपासणी करायला लावली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युरोपीय नियामकाने दुसरा इशारा दिला. लांब विश्रांतीनंतरच्या पहिल्या उड्डाणात वेग आणि उंचीचे आकडे चुकीचे दिसण्याचे प्रकार वाढले होते. वेग मोजणाऱ्या पिटो नळीत किडे घर करतात, हे त्यामागचे एक कारण.

या काळातली सर्वांत बोधक घटना मात्र लंडनच्या हीथ्रो विमानतळावरची आहे. १८ जून २०२१ रोजी ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७८७ फ्रँकफर्टला माल नेण्याच्या तयारीत उभे होते. एक दुरुस्ती तपासण्यासाठी चाकांची कळ फिरवायची होती आणि तत्पूर्वी चाके मिटू नयेत म्हणून सुरक्षा-पिन घालायच्या होत्या. प्रमुख मेकॅनिकचा हात पुढच्या चाकाच्या छिद्रापर्यंत पोहोचेना. त्याने खालून बोट दाखवले, शिडीवर चढलेल्या सहकाऱ्याने पिन घातली, पण ती शेजारच्या छिद्रात. कळ फिरताच पुढचे चाक मिटले आणि विमान नाकावर बसले. ते चुकीचे छिद्र बुजवण्याचा आदेश आधीच निघालेला होता. मुदत शिल्लक असल्याने या विमानावर तो अमलात आला नव्हता.

आता माणसांकडे. विमानतळावरचे लोडर, सफाई कामगार, ट्रॅक्टरचालक, तंत्रज्ञ यांतले पुष्कळजण वसई, नालासोपारा, विरारला राहतात, कारण अंधेरी-विलेपार्ल्याजवळचे घर या पगारात बसत नाही. त्यांची नोकरी पश्चिम रेल्वेवर टांगलेली असते. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. १५ जूनपासून ती धावू लागली ती राज्य सरकारने ठरवलेल्या अत्यावश्यक सेवेतल्यांपुरती. इतरांसाठी एसटीच्या मोजक्या बस उरल्या आणि २२ जुलैला नालासोपाऱ्यात संतापलेले प्रवासी थेट रुळांवर उतरले. त्याच महिन्यात इंडिगोने दहा टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले; एअर इंडियात पाच वर्षांपर्यंतच्या बिनपगारी रजेची योजना आली. वसई तालुक्याला हे नवे नव्हते. विमानतळावर जमिनीवरची सेवा देणारी कंबाटा एव्हिएशन २०१६ मध्ये आणि जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, तेव्हाही इथल्या घरांतले पगार थांबले होते.

शिडीच्या अपघाताचा आणि या हालांचा थेट संबंध जोडता येणार नाही. पण जमिनीवरची सुरक्षा पुस्तकापेक्षा सवयीच्या हातांवर अधिक चालते, आणि ते हात पांगले, हे निश्चित. हा धोका मुंबईला पूर्वीपासून ठाऊक आहे. १६ डिसेंबर २०१५ रोजी, उड्डाणे जोरात असताना, हैदराबादला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाच्या इंजिनात एक तंत्रज्ञ ओढला जाऊन मरण पावला. खुणेच्या गैरसमजातून विमान हलले होते.

ओमायक्रॉनच्या लाटेत उड्डाणे पुन्हा आखडली. ९ जानेवारी २०२२ रोजी इंडिगोने सुमारे वीस टक्के फेऱ्या मागे घेत असल्याचे सांगितले. दुसऱ्याच दिवशी मुंबईत जामनगरला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाशेजारी ते ढकलणाऱ्या ट्रॅक्टरने पेट घेतला. आत ८५ जण होते. काही मिनिटांत आग विझली, कोणाला इजा झाली नाही आणि विमान थोड्याच वेळात उडाले.

वाहतूक सावरल्यावर माणसे पुन्हा हवी झाली. जुलै २०२४ मध्ये एअर इंडिया एअरपोर्ट सर्व्हिसेसने मुंबईत २,२१६ जागांसाठी थेट मुलाखती ठेवल्या, तेव्हा कलिन्याला हजारो तरुणांची चेंगराचेंगरी होण्याची वेळ आली. आता वाढवण बंदराजवळ, म्हणजे पालघर जिल्ह्यातच, मुंबईच्या तिसऱ्या विमानतळाची घोषणा झाली आहे. तो होईल तेव्हा होईल. शिडी कशी बांधायची आणि पिन कोणत्या छिद्रात घालायची, हे शिकवणारा अभ्यासक्रम जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये त्याआधी सुरू व्हायला हवा.