पिकअपचे जादा दिवे व ‘पॉवर बॉक्स’ : बिघाड कसा शोधावा?

भाजीपाला, फळे, फुले आणि दूध बाजारात पोहोचविण्यासाठी डिझेलवर चालणारी पिकअप आज अनेक शेतकऱ्यांच्या दारात उभी असते. माल संध्याकाळी भरला जातो, प्रवास रात्री होतो आणि पहाटेच्या लिलावापूर्वी गाडी बाजार समितीच्या आवारात पोहोचावी लागते. त्यामुळे रस्त्यावर भरपूर उजेड आणि घाटात पुरेशी ताकद, या दोन गोष्टींची गरज प्रत्येकाला भासते. ही गरज पाहून बाजारात जास्त वॅटचे बल्ब, एलईडी बल्ब, एलईडी बार आणि इंजिनची ताकद वाढविणारी ‘ट्युनिंग बॉक्स’ किंवा ‘पॉवर बॉक्स’ नावाची उपकरणे विक्रीस आली आहेत.

ही उपकरणे बसविल्यानंतर दिवे लुकलुकणे, फ्यूज उडणे, चेक लाईट लागणे, काळा धूर येणे, भर घाटात गाडी बसणे अशा तक्रारी सुरू होतात. टोमॅटोचे क्रेट भरलेली गाडी रात्री रस्त्यात अडकली तर एका फेरीचा माल हातचा जातो. म्हणून बिघाड क्रमाने कसा शोधावा याची माहिती प्रत्येक गाडीमालकास असणे आवश्यक आहे.

मूळ तक्रार आधी तपासा

शेतकरी बंधूंनो, दिवे मंद वाटतात म्हणून जास्त वॅटचा बल्ब आणि गाडी ओढत नाही म्हणून ट्युनर, असा आपला सर्वसाधारण विचार असतो. परंतु मंद उजेडाचे कारण बहुधा गंजलेल्या अर्थमध्ये आणि कमी ताकदीचे कारण बहुधा चोंदलेल्या फिल्टरमध्ये सापडते. मूळ दोष तसाच ठेवून वरून नवे उपकरण बसविले, तर दोष लपतो व पुढे मोठा होऊन बाहेर येतो. म्हणून कोणतीही तपासणी करताना प्रथम जादा बसविलेली वस्तू काढावी, गाडी कंपनीच्या मूळ स्थितीत आणावी आणि नंतर एकेक गोष्ट तपासावी.

दिव्यांची तपासणी

अनेक पिकअपमध्ये १२ व्होल्टचा, ६०/५५ वॅटचा एच-४ हॅलोजन बल्ब असतो. ६० वॅटचा एक बल्ब सुमारे ५ अँपिअर, म्हणजे दोन्ही मिळून १० अँपिअर प्रवाह घेतात. त्याऐवजी १०० वॅटचे बल्ब लावल्यास हाच प्रवाह १६ ते १७ अँपिअर होतो. मूळ वायर, होल्डर व स्विच एवढ्या प्रवाहासाठी बनविलेले नसतात. परिणामी होल्डर वितळतो, स्विचचे पॉइंट जळतात, रिफ्लेक्टर करपतो आणि वेळप्रसंगी वायरिंगला आग लागते.

हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टवर फार अवलंबून असतो. व्होल्ट १० टक्के घटले तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो. म्हणून बल्ब बदलण्यापूर्वी मल्टिमीटरने पुढील तपासणी करावी.

१) बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजावेत. इंजिन बंद व बॅटरी पूर्ण चार्ज असताना सुमारे १२.६, तर इंजिन चालू असताना सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावेत.

२) इंजिन चालू ठेवून दिवे लावावेत. बल्ब होल्डरमध्ये जोडलेला असताना त्याच्या मागील पिनांवर व्होल्ट मोजावेत. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक आढळल्यास वायरिंगमध्ये दोष आहे असे समजावे.

३) दोष कोणत्या बाजूला आहे हे पाहण्यासाठी बॅटरीच्या ऋण टोकापासून एक जाड वायर घेऊन बल्बच्या अर्थ पिनला टेकवावी. उजेड लगेच वाढला तर अर्थ खराब आहे. अर्थचा बोल्ट सोडून जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासावी, घट्ट आवळावी व वरून ग्रीस लावावे.

४) अर्थ चांगला असूनही फरक राहिल्यास फ्यूज, स्विच व होल्डरचे पॉइंट तपासावेत. हाताला गरम लागणारा जोड हा दोषाचा जोड असतो.

मीटर जवळ नसल्यास एक साधी खूण लक्षात ठेवावी. साईड इंडिकेटर लावल्यावर हेडलाईटही त्याच तालावर कमीजास्त होत असेल, तर त्या बाजूचा अर्थ गेलेला आहे.

वायरिंगवर जादा भार टाकायचा नसेल तर रिले वापरावा. रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला बॅटरीकडून येणारी जाड वायर, ८७ ला दिव्याची वायर, ८६ ला हेडलाईटची मूळ वायर व ८५ ला अर्थ जोडावा. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ बसवावा, म्हणजे पुढील वायर घासून शॉर्ट झाली तरी आग लागणार नाही. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा कधीही घालू नये. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण केबल काढावी. काही गाड्यांत दिव्यांचा स्विच अर्थच्या बाजूला असतो. तेथे ही जोडणी चालत नाही. तसेच २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत अनेक दिवे संगणकामार्फत चालतात. अशा गाड्यांचे वायरिंग घरी कापू नये.

एलईडी बल्बच्या नेहमीच्या तक्रारी

१) लुकलुकणे : गाडीचा संगणक दिव्याला प्रवाह तुटक स्वरूपात देत असेल किंवा अर्थ सैल असेल तर असे होते. आधी हॅलोजन बल्ब परत लावून पाहावा. तो स्थिर चालला तर दोष एलईडी बल्ब व गाडी यांच्या न जुळण्याचा आहे.

२) दहा-पंधरा मिनिटांनी मंद होणे : बल्बच्या मागील छोटा पंखा धुळीने अडकतो, बल्ब तापतो व स्वतःचा उजेड कमी करतो.

३) हेडलाईटमध्ये वाफ धरणे : पंखा मावत नाही म्हणून मागील रबरी टोपण काढून टाकलेले असते. त्यातून पाणी व धूळ आत जाते.

४) अप्पर-डिपर उलटसुलट होणे किंवा अप्परचा निळा दिवा न लागणे : स्विच अर्थच्या बाजूला असलेल्या गाडीत साधा एलईडी बल्ब लावल्यास असे घडते.

५) उजेड भरपूर, पण रस्ता दिसत नाही : हॅलोजनचा रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेनुसार घडविलेला असतो. एलईडी त्या जागी बसला नाही तर उजेड वर व बाजूला विखुरतो. गाडीसमोरची जमीन लख्ख दिसते, दूरचा खड्डा मात्र दिसत नाही आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. ऊस वाहतुकीच्या दिवसांत विनादिव्याच्या बैलगाड्या व ट्रॉल्या रस्त्यावर असताना ही बाब जिवावर बेतू शकते.

दिव्यांची दिशा

सपाट जागेवर गाडी भिंतीला भिडवून हेडलाईटच्या मध्याची खूण भिंतीवर करावी. नंतर गाडी सरळ १० मीटर मागे घ्यावी. डिपरच्या उजेडाची वरची कड खुणेच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून ही कड डावीकडे वर चढलेली असते. ती उजवीकडे चढत असेल तर तो दिवा उजवीकडून वाहने चालविणाऱ्या देशांसाठी बनविलेला आहे. तो परत करावा.

माल भरल्यावर मागचे पाटे बसतात व गाडीचे नाक वर होते. पुढील व मागील चाकांत ३ मीटर अंतर असून मागची बाजू पुढच्यापेक्षा ६ सेंटिमीटर जास्त दबली, तर १० मीटरवर उजेड २० सेंटिमीटर वर चढतो. म्हणजे रिकाम्या गाडीत बरोबर लावलेला दिवा भरलेल्या गाडीत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दिवे खालीवर करण्याचे बटण असल्यास माल भरल्यानंतर ते अवश्य वापरावे.

ट्युनर नेमके काय करतो?

कॉमन रेल इंजिनमध्ये डिझेलचा दाब १००० बारपेक्षाही जास्त असतो. हा दाब सेन्सर मोजतो व इंजिनचा संगणक त्याप्रमाणे नियंत्रण करतो. ट्युनिंग बॉक्स सेन्सर व संगणक यांच्यामध्ये बसतो आणि दाब खऱ्यापेक्षा कमी असल्याचे भासवितो. संगणक दाब वाढवितो व जास्त डिझेल जाते. अर्थात संगणकाला खरा दाब समजत नसल्याने कंपनीने ठेवलेली सुरक्षिततेची मर्यादा नाहीशी होते. दुसऱ्या प्रकारात संगणकातील प्रोग्रॅमच बदलतात, त्याला रीमॅप म्हणतात. तिसरा प्रकार तपासणीच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये खोचावयाच्या स्वस्त डबीचा. यांतील अनेक डब्यांत लुकलुकणाऱ्या दिव्यांपलीकडे काहीही नसते.

डिझेल वाढले पण हवा तेवढीच राहिली, तर काळा धूर येतो आणि एक्झॉस्टचे तापमान वाढते. रिकाम्या गाडीत हे जाणवत नाही. परंतु आंबा घाटासारखी लांब चढण पूर्ण भाराने चढताना हीच उष्णता पिस्टन व टर्बोवर येते. क्लच प्लेटही लवकर झिजते.

ट्युनर बसविलेल्या गाडीची तपासणी

१) स्कॅनर लावून बिघाडाचा कोड लिहून घ्यावा. पी-००८७ म्हणजे रेलमधील दाब कमी, पी-००८८ म्हणजे दाब जास्त, पी-०२९९ म्हणजे टर्बोची हवा कमी आणि पी-०२३४ म्हणजे टर्बोची हवा जास्त.

२) बॉक्स काढून मूळ प्लग जोडावा. प्लगमधील पिना वाकलेल्या, हिरवट किंवा ओल्या नाहीत हे पाहावे. कोड पुसून नेहमीच्या भाराने दोन-तीन फेऱ्या कराव्यात. तक्रार गेली तर दोष बॉक्सचा किंवा त्याच्या जोडाचा होता. रीमॅप केलेला असल्यास मूळ प्रोग्रॅम परत टाकून घ्यावा.

३) तक्रार राहिली तर एअर फिल्टर पाहावा. कच्च्या रस्त्याने व शेतातून जाणाऱ्या गाडीचा फिल्टर लवकर चोंदतो.

४) डिझेल फिल्टरखालील नट सैल करून साचलेले पाणी काढावे व मुदत संपलेला फिल्टर बदलावा.

५) टर्बो ते इंटरकूलर व पुढे इंजिनपर्यंतचे रबरी पाईप तपासावेत. क्लिप सैल असणे, पाईपला चीर असणे, ॲक्सिलरेटर दिल्यावर ‘फुस्स’ असा आवाज येणे ही हवा गळतीची लक्षणे होत.

६) इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरत आहे. चाक जॅकवर उचलून फिरविल्यास जड फिरत असेल, तर ब्रेक धरून राहिला आहे. हे दोष कोणत्याही ट्युनरने जात नाहीत.

धुराचा रंगही उपयोगी पडतो. काळा धूर म्हणजे हवा कमी वा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑईल जळत आहे आणि गरम इंजिनातून सतत येणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल किंवा कूलंट आत जात आहे. बीएस-६ गाडीत धूर बाहेर दिसत नाही, कारण काजळी फिल्टरमध्ये अडकते. ट्युनरमुळे हा महागडा फिल्टर लवकर भरतो.

सावधान : इंजिन चालू असताना डिझेलच्या उच्च दाबाच्या पाईपची गळती हाताने चाचपू नये. ती बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. असे झाल्यास जखम लहान दिसली तरी त्वरित रुग्णालयात जावे.

दोन्ही उपकरणे एकाच गाडीत असल्यास

एलईडी बारची अर्थ वायर पुष्कळदा इंजिनच्या संगणकाच्याच अर्थ बोल्टला जोडलेली आढळते. बार लावला की व्होल्ट डळमळतात व संगणक खोटे कोड दाखवू लागतो. चेक लाईट फक्त रात्री लागत असेल तर प्रथम याच जोडाकडे पाहावे. जादा दिव्यांचा अर्थ नेहमी स्वतंत्र ठेवावा.

कायदा व विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार परवानगी नसलेला बदल गाडीत करता येत नाही. कलम १८२-अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलासाठी मालकास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय वॉरंटी व अपघात विम्याच्या दाव्याच्या वेळी हाच बदल अडचणीचा ठरतो.

सारांश, चांगला अर्थ, योग्य दिशेला लावलेले मूळ वॅटचे दिवे, स्वच्छ फिल्टर आणि न गळणारे पाईप एवढ्यावर बहुतेक पिकअप समाधानकारक काम देतात. ट्युनर घेण्यापूर्वी वरील तपासणी अवश्य करावी. ती करण्यास एक सकाळ पुरते आणि हंगामात रात्री निघालेला माल वेळेवर बाजारात पोहोचतो.