रविवारनंतरचा सोमवार

तासाभराचा उपदेश आणि सहा दिवसांची परीक्षा! नंदुरबार जिल्ह्यातल्या चर्चमध्ये ऐकलेलं चिंतन ऑफिसच्या क्युबिकलमध्ये कितपत टिकतं?

नवापूर म्हटलं की शहरातल्या मित्रमंडळींना दोनच गोष्टी आठवतात. एक, तिथलं रेल्वे स्टेशन. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. दुसरी, २००६ चा बर्ड फ्लू. भारतातली त्याची पहिली साथ इथल्याच पोल्ट्री फार्म्समध्ये सापडली होती. तिसरी गोष्ट मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. रविवारी सकाळी या तालुक्यातल्या बऱ्याच गावांत चर्चची उपासना भरते आणि तिथे मराठीसोबत मावचीतलीही गाणी ऐकू येतात.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास आणि त्यात आदिवासी ६९ टक्के. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची अशा जमातींचा हा मुलूख. मी इथलीच, नोकरीला मात्र पुण्यात. ऑफिसमधले सहकारी मला नेहमी विचारतात, ‘‘अगं, दर रविवारी जाऊन तुम्ही नक्की ऐकता तरी काय?’’ प्रश्न रास्त आहे. आणि उत्तर फक्त ख्रिस्ती माणसाच्याच कामाचं आहे असंही नाही.

आठवड्याचा हिशेब

चर्चमध्ये गाणी होतात, प्रार्थना होते, दानार्पण होतं. पण मधला मोठा वेळ असतो उपदेशाचा. पाळक बायबलमधला एक उतारा वाचतात आणि मग प्रश्न येतो, याचं या आठवड्यात काय करायचं? गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीची असते, पण उदाहरणं आजूबाजूचीच. आमच्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यातच परततात. त्यामुळे उपदेशात उचल येते, मुकादम येतो, दारू येते, शाळा सुटलेली पोरं येतात. आता त्यात मोबाइलही आलाय.

ऐकायला बसलेल्यांना उपदेश कितीही आवडला, तरी त्याची खरी परीक्षा घरी गेल्यावर असते. येशूचा भाऊ याकोब याच्या नावाने जे पत्र बायबलमध्ये आहे, त्यात हाच मुद्दा अगदी परखडपणे मांडलाय. उपाशी माणसाला नुसत्या शुभेच्छा देऊन पाठवलंत, तर तुमच्या श्रद्धेचा उपयोग काय?

चिंचपाड्याचा दवाखाना

या प्रश्नाचं एक उत्तर नवापूर तालुक्यातच, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरच्या चिंचपाड्याला उभं आहे. फ्रेडरिक फ्रान्सन या धर्मोपदेशकाने १८९० मध्ये स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन सुरू केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या मिशनची माणसं पश्चिम खानदेशात आली. त्यांच्या कामातूनच १९४२ मध्ये चिंचपाड्याला दवाखाना सुरू झाला. मिशनरी परत गेले, दवाखाना राहिला. चिंचपाडा ख्रिश्चन हॉस्पिटल आता इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनकडे आहे. १९७० मध्ये स्थापन झालेली ही संस्था भारतातली अशी अनेक मिशन हॉस्पिटल्स चालवते.

या जिल्ह्यात कुपोषण आहे, सिकल सेल आहे, पावसाळ्यात सर्पदंश आहे. अशा ठिकाणी डॉक्टर म्हणून राहायचं, तर मॉल, मल्टिप्लेक्स, मोठं पॅकेज या सगळ्यावर पाणी सोडावं लागतं. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट प्रत्येक ख्रिस्ती पोराला पाठ असते. रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाला बघून धर्माचे जाणकार पुढे निघून जातात आणि ज्याला सगळे परका समजतात, तोच थांबतो. स्वतःच्या खिशातले पैसे देऊन त्याची सोय करतो. उपदेशात ही गोष्ट दहा मिनिटांत सांगून होते. दवाखान्यात ती रोज रात्रपाळीला असते.

जक्कय आणि टीए बिल

पण आपण सगळे काही डॉक्टर नाही. एसीत बसून एक्सेल शीट भरणाऱ्यांनी काय करायचं?

त्यांच्यासाठी जक्कय आहे! यरीहो शहरातला हा बडा जकातदार. बुटका होता, म्हणून येशूला बघायला झाडावर चढला. येशू सरळ त्याच्याच घरी जेवायला गेला. गावाने नाकं मुरडली. जक्कयने मात्र तिथल्या तिथे जाहीर केलं की निम्मी मालमत्ता गरिबांना देईन आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करीन. गंमत बघा, या गोष्टीत कुणी त्याला ‘पैसे परत कर’ असं सांगितलेलंच नाही. त्याने आपण होऊन हिशेब काढला.

वाढवून लावलेलं टीए बिल, मित्राच्या नावावर खपवलेली रजा, ज्युनिअरच्या कामावर आपलं नाव... जक्कयचा हिशेब इथे लागू होतो. मागे मी ज्या कंपनीत होते, तिथे एका प्रोजेक्टचं काम सत्तर टक्के झालेलं असताना रिपोर्टमध्ये ‘कम्प्लिटेड’ लिही, असं वरून सांगण्यात आलं. ‘‘सगळेच लिहितात, टेन्शन काय घेतेस?’’ मी सत्तरच लिहिलं. त्या वर्षी माझ्या अप्रेझलमध्ये ‘टीमशी जुळवून घेत नाही’ असा शेरा आला आणि इन्क्रिमेंट जेमतेम मिळालं. खरं बोललं की बढती मिळते, असं मला कुठल्याच पाळकांनी सांगितलं नव्हतं. किंमत मोजावी लागेल, हे मात्र सांगितलं होतं.

शेजारी कोण?

गावाकडे ही किंमत वेगळी असते. ख्रिस्ती झालेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा, अशी मागणी अधूनमधून होते. कायद्याने अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. पण आपण आदिवासी आहोत हे आपल्याच गावात सिद्ध करायची वेळ आली, की शेजाऱ्यावर प्रेम करण्याचा उपदेश एकदम जड होतो. त्यात शेजारी बहुतेकदा नात्यातलाच. एक भाऊ चर्चला जातो, दुसरा याहा मोगीच्या जत्रेला. शेताचा बांध, लग्नकार्य, मयत सगळं एकत्र. अशा वेळी उपदेशाची परीक्षा अगदी साध्या ठिकाणी होते. भावाच्या घरी कार्य निघालं, तर आपण मांडव घालायला जायचं की नाही? माझ्या आजीचं उत्तर ठरलेलं असायचं, ‘‘आधी जा, मग प्रार्थना कर.’’

मराठीतली जुनी वाट

असं चिंतन मराठीत पूर्वीपासून छापूनही येत आलंय. अहमदनगरला १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू झालं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी पुढे त्याच्या मराठी विभागाचं संपादन केलं. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंग आणि कीर्तनाच्या वळणावर आणली, म्हणून ती मराठी माणसाला परकी वाटली नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकातून श्रद्धेबरोबर पर्यावरणाचे आणि गुंडगिरीचे प्रश्न मांडले, रस्त्यावरही उतरले. २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते गेले. वसई नंदुरबारपासून लांब, पण रविवारचं बोलणं सोमवारी गावच्या प्रश्नाला भिडलं पाहिजे, हा आग्रह तोच.

या आठवड्यात करून बघा
(धर्म कुठलाही असो, चालेल!)

● रविवारी पंधरा मिनिटं मोबाइल बंद ठेवा. गेल्या आठवड्यात कुणाचं देणं राहिलं? पैशांचं, श्रेयाचं की सॉरीचं? कागदावर लिहा.

● त्यातलं एक देणं सोमवारी दुपारच्या जेवणाआधी चुकतं करा. यादी कितीही लांब असली तरी आधी एकच.

● ऑफिसमधल्या हाउसकीपिंगच्या मावशींचं आणि सिक्युरिटीच्या काकांचं नाव माहीत आहे का? नसेल तर विचारा, आणि पुढच्या वेळी नावाने हाक मारा.

● ज्याच्याशी वाद आहे, त्याच्या घरचं आमंत्रण आलं तर जा. वाद नंतर घालता येतो.